बुरशीचा संसर्ग : नायट्यापासून म्युकरमायकोसिसपर्यंत

पावसाळा सुरू झाला की कोपऱ्यात ठेवलेल्या चामड्याच्या चपलांवर, शिळ्या भाकरीवर आणि ओल आलेल्या भिंतींवर बुरशी धरू लागते. त्याच सुमारास त्वचाविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यांत नायटा, गजकर्ण आणि चिखल्यांचे रुग्ण वाढू लागतात. बुरशीच्या आजारांकडे सर्वसाधारणपणे किरकोळ तक्रार म्हणून पाहिले जाते. औषधाच्या दुकानातून एखादी मलमाची ट्यूब आणावी, चार दिवस लावावी आणि विसरून जावे, अशी रीत घरोघरी आढळते. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे, जबडे आणि प्राणही घेतले, तेव्हा बुरशीचे दुसरे रूप समाजासमोर आले.

मांडीवरचा नायटा आणि जबडा पोखरणारा म्युकरमायकोसिस हे वरवर पाहता अगदी भिन्न आजार वाटतात. मात्र त्यांच्यात एक समान सूत्र आहे. निरोगी शरीर बुरशीला सहसा थारा देत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था कोठेतरी ढिली पडते तेव्हाच ती मूळ धरते आणि ही ढिलाई अनेकदा चुकीच्या औषधोपचारातून निर्माण होते. बुरशीजन्य विकार समजून घेताना हे सूत्र ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

वनस्पती नव्हे, जिवाणूही नव्हे

बुरशी म्हणजेच कवक. कवकांना पूर्वी वनस्पतींमध्ये गणले जात असे. १९६९ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवसृष्टीची पाच गटांत विभागणी करून कवकांना स्वतंत्र स्थान दिले. कवकांमध्ये हरितद्रव्य नसल्याने त्यांना स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. ती ज्या पदार्थावर वाढतात त्यावर पाचक रस सोडतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. पाव, लाकूड किंवा मृत पाने त्यांना चालतात, तशीच काही जातींना माणसाची त्वचा आणि नखेही चालतात.

सूक्ष्मजीवांमुळे आजार होतो हे दाखवून देण्याच्या इतिहासात बुरशीचे स्थान पहिल्या रांगेत आहे. इटलीतील आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये रेशमाच्या किड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो हे सिद्ध केले. त्यानंतर काही वर्षांतच पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी माणसाच्या डोक्यावरील एका त्वचारोगामागे बुरशी असल्याचे दाखवले. लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांचे जिवाणूंवरील प्रसिद्ध कार्य याच्यानंतरचे आहे.

बुरशी जिवाणूंपेक्षा वेगळी असल्याने जिवाणूंना मारणारी प्रतिजैविके म्हणजे अँटिबायोटिक औषधे तिच्यावर चालत नाहीत. उलट, पेशींच्या रचनेच्या दृष्टीने बुरशी जिवाणूंपेक्षा माणसाला अधिक जवळची आहे. त्यामुळे माणसाच्या पेशींना इजा न करता केवळ बुरशीला मारणारे औषध शोधणे अवघड जाते. बुरशीच्या पेशींच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, तर माणसाच्या पेशींत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते. बुरशीवरील बहुतांश औषधे या एका फरकावर आधारलेली आहेत.

शरीराची तटबंदी

माणूस प्रत्येक श्वासाबरोबर बुरशीचे बीजाणू आत घेत असतो. तरीही बहुतेकांना काहीच होत नाही. यामागे शरीराची अनेक पदरी तटबंदी असते. त्वचेचा वरचा थर कोरडा आणि किंचित आम्लधर्मी असतो आणि तो सतत गळून पडत असतो. त्यामुळे बुरशीला पाय रोवायला वेळ मिळत नाही. त्वचेवर, तोंडात आणि आतड्यांत राहणारे उपयुक्त जिवाणू बुरशीला जागा मिळू देत नाहीत. शरीराचे ३७ अंश सेल्सिअस तापमान बहुसंख्य बुरशींना मानवत नाही. यातूनही एखादी बुरशी आत शिरलीच, तर रक्तातील पांढऱ्या पेशी तिचा नायनाट करतात.

या तटबंदीला भगदाड पडण्याची कारणे ठरलेली आहेत. सततचा घाम आणि ओलावा, अनियंत्रित मधुमेह, एचआयव्हीचा संसर्ग, कर्करोगावरील केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, दीर्घकाळ घेतलेली प्रतिजैविके आणि स्टेरॉइड ही त्यांतील प्रमुख होत. कोणता संसर्ग कोठे आणि किती खोल जाईल, हे बुरशीच्या जातीइतकेच या भगदाडावरही अवलंबून असते.

त्वचा, केस आणि नखे

नायटा किंवा गजकर्ण निर्माण करणाऱ्या बुरशींना डर्माटोफाइट म्हणतात. त्वचेच्या वरच्या मृत थरात, केसांत आणि नखांत केराटिन हे प्रथिन असते आणि त्यावरच या बुरशी जगतात. एका ठिकाणी सुरू झालेली वाढ सर्व बाजूंनी बाहेर सरकत जाते आणि मधला भाग बरा होऊ लागतो. म्हणून नायट्याला गोल कड्यासारखा आकार येतो. कडेला लाली, खवले आणि तीव्र खाज असते. जांघा, काखा, कंबर, स्तनांखालची त्वचा अशा घाम साचणाऱ्या जागा तिला विशेष मानवतात.

पायांच्या बोटांच्या बेचक्यांत त्वचा पांढरी पडून भेगाळते, तिला चिखल्या म्हणतात. पूर्वी हा चिखलात काम करणाऱ्यांचा आजार समजला जाई. शहरात दिवसभर बंद बूट आणि ओले मोजे घालणाऱ्यांनाही तो होतो. बेचक्यातील भेगांतून जिवाणू आत शिरून पाय सुजणे, लाल होणे आणि ताप येणे असे प्रकार घडू शकतात. मधुमेही रुग्णांनी म्हणूनच चिखल्यांकडे दुर्लक्ष करू नये. लहान मुलांच्या डोक्यात ही बुरशी शिरली तर चट्ट्याच्या जागचे केस तुटतात किंवा गळतात. नखांना संसर्ग झाल्यास ती जाड, पिवळसर आणि ठिसूळ होतात. नख सावकाश वाढत असल्याने त्यावरील उपचारही अनेक महिने चालतो.

छाती, पाठ आणि मानेवर दिसणारी फिकट किंवा तपकिरी शिबे ही मॅलेसेझिया या बुरशीमुळे होतात. ही बुरशी जवळजवळ प्रत्येकाच्या त्वचेवर असते. तेलकट त्वचा आणि दमट हवा मिळाली की ती वाढते. डोक्यातील कोंड्याशीही तिचाच संबंध आहे. शिबांचे फिकट डाग पाहून अनेकजण कोड किंवा कुष्ठरोगाच्या शंकेने धास्तावतात. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावरील संवेदना सहसा कमी झालेली असते, शिबांमध्ये तसे होत नाही. खरूज हा आजारही अनेकदा नायट्यात गणला जातो. प्रत्यक्षात खरूज बुरशीने नव्हे तर त्वचेत शिरणाऱ्या सूक्ष्म किडीने होते आणि तिचे औषध वेगळे असते.

मलमाने बिघडवलेला आजार

एकेकाळी दोन-चार आठवड्यांत बरा होणारा नायटा गेल्या काही वर्षांत महिनोन्महिने हटेनासा झाला आहे. एकाच घरातील अनेकांना तो वारंवार होत असल्याचे आढळते. यामागील एक महत्त्वाचे कारण म्हणजे दुकानातून थेट विकत घेतलेली मिश्र मलमे. अशा मलमांत बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड एकत्र केलेले असते.

स्टेरॉइडमुळे त्वचेचा दाह कमी होतो. दोन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते आणि औषध गुणकारी असल्याची रुग्णाची खात्री पटते. प्रत्यक्षात त्या जागची प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि बुरशी विनाअडथळा पसरत असते. मलम बंद करताच खाज दुप्पट जोराने परतते. रुग्ण पुन्हा तेच मलम आणतो. या चक्रात नायट्याचा नेहमीचा गोल आकार पुसला जातो आणि कधीकधी डॉक्टरांनाही तो ओळखणे कठीण होते. त्वचा पातळ पडते आणि जांघेत किंवा काखेत ताणाच्या कायमच्या रेषा उमटतात.

या गैरवापराविरुद्ध भारतातील त्वचाविकारतज्ज्ञांनी दीर्घकाळ आवाज उठवला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टेरॉइड औषधांचा शेड्यूल एच या यादीत समावेश केला. या यादीतील औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरीही ओळखीच्या दुकानातून, शेजाऱ्याने सुचवलेली ट्यूब आणण्याची सवय सुटलेली नाही.

याच काळात बुरशीनेही रूप बदलले. भारतीय उपखंडात पसरलेल्या एका डर्माटोफाइटला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव देण्यात आले. टर्बिनाफिन हे नायट्यावरील नेहमीचे औषध तिच्या अनेक वाणांवर पुरेसे चालत नाही, कारण ज्या विकरावर हे औषध काम करते त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. ही बुरशी आता अन्य खंडांतही पोहोचली असून २०२३ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क येथे तिचे रुग्ण नोंदवले गेले.

कँडिडा : शरीरातच राहणारी बुरशी

कँडिडा ही बुरशी निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यांत आणि स्त्रियांच्या योनिमार्गात अल्प प्रमाणात असतेच. शेजारचे जिवाणू तिला आवरून धरतात. प्रतिजैविकांच्या मोठ्या मात्रेने हे जिवाणू नष्ट झाले किंवा मधुमेहामुळे साखर वाढली, की कँडिडा फोफावते. जिभेवर आणि गालाच्या आत दह्यासारखे पांढरे थर दिसतात. तान्ह्या बाळांनाही हा त्रास होतो. योनिमार्गात खाज, आग आणि घट्ट पांढरा स्राव ही लक्षणे असतात. गरोदरपणात ती अधिक आढळतात. संकोचामुळे अनेक स्त्रिया उपचार लांबवतात. असा संसर्ग वारंवार होत असल्यास रक्तातील साखर तपासणे उचित ठरते, कारण कित्येकदा मधुमेहाची पहिली खूण हीच असते.

दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप वापरणाऱ्यांच्या तोंडातही कँडिडा वाढू शकते. पंप घेतल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरून टाकणे हा त्यावरील साधा उपाय आहे. त्या भीतीने पंप बंद करणे मात्र धोक्याचे आहे.

रुग्णालयात अतिदक्षता विभागात दीर्घकाळ राहिलेल्या रुग्णांमध्ये कँडिडा शिरेतील नळीवाटे रक्तात शिरू शकते. तेव्हा ती मूत्रपिंड, डोळे, हृदयाच्या झडपा अशा दूरच्या अवयवांपर्यंत जाते आणि जिवावर बेतते.

श्वासावाटे फुप्फुसात

ॲस्परजिलस ही बुरशी माती, कुजणारा पालापाचोळा आणि बांधकामाची धूळ यांत सर्वत्र असते. तिचा परिणाम माणसागणिक बदलतो. दम्याच्या काही रुग्णांमध्ये तिची ॲलर्जी होऊन दमा आटोक्यात येईनासा होतो. क्षयरोग बरा झाल्यावर फुप्फुसात पोकळी उरली असेल, तर त्या पोकळीत बुरशीचा गोळा तयार होतो आणि खोकल्यातून रक्त पडू लागते. क्षय परतला असे समजून पुन्हा क्षयाचीच औषधे सुरू होण्याचा धोका येथे असतो. प्रतिकारशक्ती अत्यंत क्षीण असलेल्या रुग्णांत मात्र ही बुरशी फुप्फुसाच्या ऊतींत आणि रक्तवाहिन्यांत घुसते.

कबुतरांच्या विष्ठेत आढळणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशीही श्वासावाटेच आत जाते. निरोगी व्यक्तीला तिचा सहसा त्रास होत नाही. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांमध्ये ती मेंदूच्या आवरणाचा दाह घडवते. सतत वाढत जाणारी डोकेदुखी, ताप आणि उलट्या ही त्याची लक्षणे आहेत. २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांवरून वाद पेटला, तेव्हा या आजाराची चर्चा झाली. कबुतरांमुळे होणारा फुप्फुसाचा अधिक परिचित विकार मात्र संसर्ग नसून पिसे आणि विष्ठेतील प्रथिनांना शरीराने दिलेली ॲलर्जीची प्रतिक्रिया असते. दोहोंचे उपचार वेगळे आहेत.

काट्याची आणि पात्याची जखम

काही बुरशी जखमेवाटे शरीरात शिरतात. ऊस, भात किंवा अन्य पिकांत काम करताना पाते अथवा कूस डोळ्याला लागली, तर फ्युझेरियम किंवा ॲस्परजिलस बुबुळात शिरून व्रण करते. अशा डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब घातल्यास संसर्ग वेगाने खोल जातो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. डोळा लाल झाला म्हणून घरात पडून असलेले थेंब घालणे म्हणूनच टाळावे.

अनवाणी पायात काटा मोडून होणारा मायसेटोमा हा आजार मदुराईवरून ‘मदुरा फूट’ या नावाने ओळखला जातो. पाय सुजतो, त्यावर गाठी येतात आणि छिद्रांतून रवाळ कण बाहेर पडतात. त्याच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत लिहिला गेला. ‘ग्रेज ॲनाटमी’ या विख्यात ग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर हे पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये अध्यापक होते. या आजारामागे बुरशी असल्याचे प्रतिपादन करणारा त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. हा आजार काही वेळा जिवाणूंमुळेही होतो, हे नंतर स्पष्ट झाले. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत त्याचा समावेश केला.

२०२१ चा धडा

म्युकरमायकोसिस घडवणाऱ्या बुरशी नव्या नाहीत. ऱ्हायझोपस ही त्यांतील प्रमुख बुरशी शिळ्या पावावरही वाढते. करोनापूर्वीही भारतात अनियंत्रित मधुमेहाच्या रुग्णांमध्ये हा आजार आढळत असे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत मात्र त्याने साथीचे स्वरूप घेतले. मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना साथरोग कायद्यान्वये त्याची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले. जूनअखेर देशातील रुग्णसंख्या ४० हजारांवर गेली होती. महाराष्ट्र आणि गुजरात ही सर्वाधिक झळ सोसणारी राज्ये ठरली.

प्राणवायूची गरज असलेल्या करोना रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने वाचू शकतात, हे २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचण्यांतून सिद्ध झाले होते. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना त्याचा लाभ झाला नाही. तरीही दुसऱ्या लाटेच्या धास्तीत सौम्य आजारातही स्टेरॉइड दिले गेले, गरजेहून अधिक मात्रेत आणि अधिक दिवस दिले गेले. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते आणि पांढऱ्या पेशींची क्षमता घटते. देशात मधुमेहींची संख्या आधीच मोठी होती. बुरशीला हवी असलेली परिस्थिती अशी एकाच वेळी जुळून आली.

ही बुरशी नाकावाटे सायनसमध्ये शिरते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत घुसते. रक्तवाहिनीत गुठळी होऊन पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरून काळा पडतो. ‘काळी बुरशी’ हे नाव त्यावरून पडले. बुरशी स्वतः काळी नसते. सायनसमधून ती टाळू, जबडा, डोळा आणि अखेर मेंदूकडे सरकते. मेलेल्या ऊतींपर्यंत औषध पोहोचत नसल्याने शस्त्रक्रियेने तो भाग काढून टाकावा लागतो. अँफोटेरिसिन बी हे मुख्य औषध मूत्रपिंडाला अपायकारक असते. त्याच्या सौम्य, लायपोसोमल प्रकाराचा त्या काळात तीव्र तुटवडा होता आणि रुग्णांचे नातेवाईक त्यासाठी शहरभर वणवण करीत होते. हा आजार एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. त्याची लागण रोखण्याचा मार्ग साखरेचे नियंत्रण आणि स्टेरॉइडचा काटेकोर वापर यांतूनच जातो.

औषधे मोजकी, आव्हान मोठे

बुरशीविरोधी औषधांचे मुख्य गट बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. माणसांतील कोणत्याही बुरशीजन्य आजारावर अद्याप मान्यताप्राप्त लस नाही. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून प्रथम वर्णन झालेली कँडिडा ऑरिस ही बुरशी अनेक औषधांना दाद देत नाही. ती रुग्णालयातील पृष्ठभागांवर टिकून राहते आणि रुग्णांमध्ये पसरते. भारतातील रुग्णालयांतही ती आढळली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रथमच १९ धोकादायक बुरशींची यादी प्रसिद्ध केली. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कँडिडा ऑरिस, ॲस्परजिलस फ्युमिगेटस आणि कँडिडा अल्बिकन्स यांना तिने सर्वांत गंभीर गटात ठेवले.

काय करावे, काय टाळावे

त्वचेच्या संसर्गात निदान सोपे आणि स्वस्त आहे. चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की बुरशीचे तंतू दिसतात. बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहण्यास मात्र काही आठवडे लागू शकतात.

अंघोळीनंतर जांघा, काखा आणि बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या कराव्यात. सैल, सुती कपडे वापरावेत. टॉवेल, कंगवा आणि अंतर्वस्त्रे एकमेकांची वापरू नयेत. कपडे गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात ऊन नसल्यास उलट्या बाजूने इस्त्री फिरवावी. घरात एकापेक्षा अधिक जणांना नायटा असेल तर सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नये. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पूर्ण करावी. मलम विकत घेण्यापूर्वी त्यात स्टेरॉइड आहे का, हे वेष्टनावरील घटकांवरून पाहावे.

मधुमेही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे किंवा नुकतेच स्टेरॉइड घेतलेले रुग्ण यांनी काही लक्षणांकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये. नाकातून काळपट किंवा रक्तमिश्रित स्राव, चेहऱ्याच्या एका बाजूस दुखणे किंवा बधिरपणा, दात हलू लागणे, टाळूवर काळा डाग, डोळ्याभोवती सूज आणि एकाची दोन दिसणे ही ती लक्षणे होत. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे त्वरित जावे.

स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. दमा, संधिवात आणि अनेक गंभीर आजारांत ते जीवनदायी ठरते आणि ते अचानक बंद करणेही घातक असते. कोणाला, किती आणि किती दिवस द्यायचे याचा निर्णय डॉक्टरांचा असावा, दुकानदाराचा किंवा शेजाऱ्याचा नसावा, एवढेच पथ्य पाळायचे आहे. बुरशीचे बीजाणू हवेत आणि मातीत राहणारच. त्यांना शरीरात जागा मिळू नये याची काळजी घेणे मात्र माणसाच्या हाती आहे.